ताई, लादी माझ्या पसंतीची आहे

ताई,

तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्या रंगांबद्दल बोलले. शाळेतल्या बाई बोलल्या, मुख्याध्यापक बोलले, तीस वर्षांपूर्वी तुझ्याकडे चित्रकला शिकलेला एक टक्कल पडलेला माणूस बोलता बोलता रडला. मी उठले नाही. ‘धाकट्या बहिणीला बोलवेना’ असं सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं आणि मला पाणी आणून दिलं. मला बोलवत होतं. चांगलं खणखणीत बोलवत होतं. पण जे बोलायचं होतं ते तुझ्या फोटोला हार घातलेला असताना, तुझ्या विद्यार्थ्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितेय. आणि आता तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस, हाही एक फायदा आहेच.

मध्ये तोंड घालण्यावरूनच तर सगळं झालं.

तुझा फ्लॅट तीनशे दोन, माझा तीनशे तीन. भावजी गेले, अमेय नाशिकला स्थायिक झाला, तू शाळेतून निवृत्त झालीस. माझं लग्नच झालं नव्हतं. केबिन रोडवरचं भांड्यांचं दुकान हाच माझा संसार. एके दिवशी तू शेजारच्या फ्लॅटमधून मला मोबाइलवर फोन केलास आणि म्हणालीस, “मने, चहा टाकलाय. आणि ऐक, ही भिंत पाडून टाकू या. भिंतीपलीकडच्या माणसाला फोन करायचा, हे काय जगणं आहे?” मी म्हणाले, “पाडू.” तुझ्या बोलण्याला पहिल्याच फटक्यात ‘हो’ म्हणण्याची माझ्या आयुष्यातली ती एकमेव वेळ. सोसायटीची परवानगी मी काढली, इंजिनीअर मी आणला, भिंतीवर इमारतीचा भार नाही असं त्याच्याकडून लिहून मी घेतलं. भिंत दोन दिवसांत गेली.

भिंतीच्या खाली लादी नसते, हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. तुझ्याकडे तपकिरी ठिपक्यांची मोझॅक, माझ्याकडे पांढरी, आणि दोन्हींच्या मधोमध दीड वीत रुंदीचा उघडा सिमेंटचा पट्टा, खिडकीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. विटांचा चुरा भरलेला. तू कंबरेवर हात ठेवून बघत राहिलीस आणि म्हणालीस, “खाडी झाली गं मध्ये.” मग दोघी हसलो. दोन्ही हॉलची लादी बदलायची असं तिथेच ठरलं.

तुझं म्हणणं असं की शेजारच्या दोन खोल्या बहिणी असाव्यात, जुळ्या असू नयेत. तुझ्या हॉलला राखाडी, माझ्या हॉलला क्रीम, आणि मध्ये भिंतीच्या जागी काळ्या ग्रॅनाइटची पट्टी. एका खोलीतून दुसरीत जाताना पायाला कळलं पाहिजे, म्हणालीस. मला दोन्हीकडे एकच लादी हवी होती, सलग, खिडकीपासून खिडकीपर्यंत, मध्ये काहीही नको. का हवी होती ते मी सांगितलं नाही. मी सांगितलं, “एकच माल उचलला तर भाव पडतो. आणि तुकडे वाया जात नाहीत.” तू मान हलवलीस, चुकीची बेरीज केलेल्या मुलीकडे बघतात तशी.

आता सांगते का हवी होती. भिंत पाडून तिच्या जागी काळी रेघ आखायची, तर मग पाडली कशाला? बस, एवढंच. हे एक वाक्य मला तेव्हा बोलता आलं असतं. पण मी चाळीस वर्षं भांडी विकली आणि विकत घेतली. धंद्यातली पहिली गोष्ट मी शिकले ती ही, की जे हवं ते तोंडावर येऊ द्यायचं नाही. आवडलेल्या वस्तूला नावं ठेवायची. कळशी आवडली तर म्हणायचं, “हिची कड बघा, पाणी सांडेल.” गिऱ्हाईकाला आवडलं हे समोरच्याला कळलं की भाव चढलाच.

हे तुला नवीन नव्हतं. तू तर या विद्येवर जगलीस. साडीच्या दुकानात आपण शेजारी बसायचो, तुला एखादी आवडली की तू पदराआडून माझा हात दाबायचीस. मग मी सुरू व्हायचे. “शेठ, ये क्या रंग है? भिगी हुई राख.” “बहनजी, ये तो नया माल है.” “नया होगा, पर दिखता पुराना है.” तू बाजूला साध्वीसारखी बसायचीस. दुकानदार माझ्यावर चिडायचा, तुला थंड पाणी द्यायचा. साडी तू नेसायचीस आणि बायका विचारायच्या, “बाई, काय सुंदर रंग! कुठून आणलात?” तू म्हणायचीस, “दिसली, घेतली.” दिसली, घेतली! माझा घसा बसलेला असायचा.

तरी मला त्याचं काही नव्हतं. खरंच नव्हतं. माझ्या दुकानाची पहिली पाटी तूच रंगवलीस, आणि दर रविवारी येऊन पातेल्यांची मांडणी बदलायचीस. “तोंडं दाराकडे कर त्यांची. उजेड आत गेला की भांडं मोठं दिसतं.” भांडं मोठं दिसायचं, आणि खपायचंही. मी शेजारच्या दुकानदारांना सांगायचे, आमच्या ताईचा हात आहे हा. मी सांगायचे, ताई. न विचारता सांगायचे.

तर आपण घोडबंदर रोडवर रमेशभाईंच्या दुकानात गेलो. मोठं दुकान, पांढरे दिवे, भिंतीभर लाद्या उभ्या. घरी नेऊन संध्याकाळच्या उन्हात बघायला तू राखाडीचे चार नमुने काढायला लावलेस. आणि मी कोपऱ्यात उभी असलेली ती बघितली. मिठागरातलं पाणी काढून घेतल्यावर तळाचा चिखल सुकतो, त्यावर मिठाची पुसट साय राहते, तो रंग. लहानपणी आपण बांधावरून चालायचो तेव्हा पायाखाली असायचा तो. पांढरा नाही, मातीचा नाही, राखाडी तर नाहीच. मला ती लादी आवडली. त्याच क्षणी माझ्या तोंडाने आपलं काम सुरू केलं.

“रमेशभाई, ये क्या है? मैला रंग. झाडू मारने के बाद भी लगेगा झाडू नहीं मारा.”

“मॅडम, ये सबसे ज्यादा चलती है.”

“चलती होगी तो कोने में क्यूं खडी है?”

रमेशभाई हसले. हसले म्हणजे पहिली पायरी उतरले. आणि मी तुझा हात दाबला. इतक्या वर्षांत तू माझा दाबायचीस. त्या दिवशी पहिल्यांदा मी तुझा दाबला. पक्का दाबला, अंगठ्याने.

तू हात काढून घेतलास, पर्समध्ये चष्मा शोधायला लागलीस आणि रमेशभाईंना म्हणालीस, “इसका मत सुनो आप. हिला भाव कळतो, रंग कळत नाही.”

रमेशभाई हसले. त्यांचा माल उचलणारा माणूस हसला. सुट्टीला आलेला अमेय तुझ्या मागे उभा होता, तोही हसला. मी कुणाच्या दुकानात कधी गप्प बसले नव्हते. त्या दिवशी बसले. मग बाहेर येऊन रिक्षात बसायच्या आधी रस्त्यावरच जे बोलले ते इथे लिहीत नाही, तुला पाठ आहे. तू एवढंच म्हणालीस, “अगं, खरं तेच बोलले. त्यात एवढं काय?”

त्यानंतर चार महिने आपण बोललो नाही. भिंत असती तर बरं झालं असतं. भिंतीआड अबोला धरणं सोपं असतं. आपण एकाच हॉलमध्ये अबोला धरला. तू तपकिरीवर, मी पांढरीवर, मध्ये सिमेंट. तुझा टीव्ही मला दिसायचा, माझा कुकर तुला ऐकू यायचा. तू एकदा मध्ये दोरी बांधून चादर टाकलीस. ती माझ्याच दुकानातली, पातेली झाकायची होती, म्हणून मी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तू सिमेंटच्या पट्ट्यावर तुळशीची कुंडी आणून ठेवलीस. मी रोज तिला पाणी घालताना तुझ्या बाजूला ओतायचे. हंसाबेन समोरच्या फ्लॅटमधून यायच्या, एकदा तुझ्याशी बोलायच्या, मग पट्टा ओलांडून माझ्याशी. “तुम्हारे यहां आने को तो व्हिसा लगता है,” म्हणायच्या.

मी वाट बघत होते. तू पहिल्यांदा बोलायची वाट. सौद्यात जो पहिल्यांदा तोंड उघडतो तो हरतो, हे तुला माहीत होतं. मीच शिकवलं होतं. आणि तू बोललीस. सकाळी, नऊच्या सुमाराला. मी माझ्या बाजूला खाली बसून मेथी निवडत होते, पाठ तुझ्याकडे. तू म्हणालीस, “अगं.”

मी जिंकले होते, ताई. चार महिन्यांनी जिंकले होते. म्हणून मी वळले नाही. मी म्हटलं, अजून एकदा म्हणू दे. गिऱ्हाईक वळलं की लगेच मागे धावायचं नसतं. मी चार काड्या आणखी निवडल्या. पाच असतील. मग मला तुझ्या खुर्चीचा आवाज आला.

डॉक्टर म्हणाले, तेवढ्याने काही फरक पडला नसता, हृदयाचा झटका मोठा होता. डॉक्टरांशी मी घासाघीस केली नाही. त्यांनी सांगितलं तेवढं घेतलं आणि घरी आले. पण तुला विचारते, तो ‘अगं’ कसला होता? ‘अगं, चुकलं माझं’ होता, की ‘अगं, पाणी दे’ होता? तुझी शिकवायची पद्धतच ही. अर्धं चित्र फळ्यावर काढायचं आणि बाकीचं घरून करून आणा म्हणायचं. हे मी घरून कसं करून आणू? याचा राग जाणार नाही. जाऊ देणारही नाही.

तेराव्याला अक्कलकोटहून आलेले दादाकाका त्या पट्ट्याला अडखळून पडले. तुळशीची कुंडी फुटली, काकांचं ढोपर सोललं. मग अमेयच म्हणाला, “मावशी, आता लादी करून टाकू. वर्ष वगैरे मी पाळत नाही.” मी म्हटलं, “मीही नाही.” आणि त्याने तुझ्या कपाटातून कागद आणला. दोन्ही हॉलचा नकाशा, पट्टीने आखलेला, जलरंगात रंगवलेला. इकडे राखाडी, तिकडे क्रीम, मध्ये काळी पट्टी. खाली तुझ्या वळणदार अक्षरात ‘आमचं घर’.

“आईची शेवटची इच्छा आहे,” अमेय म्हणाला.

“माझी पहिली आहे,” मी म्हणाले.

“मावशी, असं काय बोलतेस?”

“तुझी आई गेली, अमेय. पायाखाली रोज कुणाला घ्यायचीय ही लादी? तू नाशिकला जाणार.”

हे वाक्य कठोर होतं. मला माहीत होतं आणि तरी बोलले. त्याने डोळे तुझ्यासारखेच बारीक केले. म्हटलं, हा आता सौदा तोडणार. म्हणून मी भाव खाली आणला. “हे बघ. तुझ्या आईचाच नियम. लादी दुकानात बघायची नाही. घरी आणायची, जमिनीवर मांडायची आणि संध्याकाळचं ऊन येईपर्यंत थांबायचं. तिचे दोन नमुने आणू, माझा एक आणू. जो टिकेल तो.”

त्याला नाही म्हणता येईना. तुझ्याच शाळेत शिकलेला तो.

आणले. सिमेंटच्या पट्ट्यावर तिन्ही मांडले. दुपारभर तुझे दोन्ही झकास दिसत होते, खोटं कशाला बोलू. अमेय माझ्याकडे बघून मिटल्या तोंडाने हसला. साडेपाचला खाडीकडून ऊन आत आलं, आडवं. आणि तुझा राखाडी निळा पडला. दवाखान्याच्या भिंतीसारखा. त्याच्या शेजारी क्रीम पिवळं, काविळीसारखं. एकमेकींकडे तोंड फिरवून बसलेल्या दोघी. माझी लादी होती तशीच राहिली, थोडी उबदार झाली इतकंच. बोलायची गरज नव्हती. तुझ्याच परीक्षेत, तुझ्याच मुलासमोर, तू नापास झालीस.

अमेय उकिडवा बसून राखाडी लादी उन्हात फिरवून बघत होता. मग हळूच म्हणाला, “तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन राहिलं होतं. मोतीबिंदूचं. डॉक्टर म्हणाले होते, सगळं पिवळट दिसत असणार. निळं कळत नसणार.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. तुला सांगू नको म्हणाली होती. म्हणाली, तिला कळलं तर माझ्या रंगांचा भाव पाडेल.”

ताई! तुला रंग दिसत नव्हता, आणि कळत नाही म्हणालीस मला. तेही भर दुकानात. तिथे तू चष्मा शोधत होतीस ते आठवून मला दया येईल, असं तुला वाटलं असेल. आली नाही. आधी संताप आला, मग हसू आलं, मग पुन्हा संताप. मी तुला डॉक्टरकडे ओढत नेलं असतं. शस्त्रक्रियेचा भाव पाडला असता. आणि महिन्याने तुला त्या दुकानात परत उभं करून म्हटलं असतं, आता बघ. आता सांग, कुणाला कळतो रंग. ते माझं राहिलं. ते तू मुद्दाम राहू दिलंस, असंच मी धरून चालणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटी रमेशभाईंकडे गेले. त्यांनी तुझ्याबद्दल ऐकलं होतं, हात जोडले. मग मी कोपऱ्यातल्या लादीला नावं ठेवली. तीन वेळा दारापर्यंत गेले, तीन वेळा त्यांनी परत बोलावलं. मधे कुणी बोललं नाही. इतका कमी भाव मला आयुष्यात कुणी दिला नसेल. माल टेम्पोत चढला तेव्हा रमेशभाई म्हणाले, “मॅडम, आज मजा नहीं आया.” मी म्हटलं, “मला तरी कुठे आली?”

यादव मिस्त्रीने आठ दिवसांत काम केलं. तो बिचारा मधे थांबून विचारत होता, “दीदी, बॉर्डर का पट्टी कहां डालूं?” मी म्हटलं, “कहीं नहीं.” त्याने भिंतीच्या जागेवरून सरळ लादी नेली. शेवटची लादी माझ्या खिडकीशी बसली तेव्हा दोन्ही हॉल एक झाले. मी चप्पल काढून इकडून तिकडे गेले. पुन्हा आले. भिंत नेमकी कुठे होती ते मला सांगता आलं नसतं. हेच हवं होतं मला.

मग काल हंसाबेन आल्या. दारातच थबकल्या.

“अरे वाह! मास्टरनी की पसंद ही अलग थी. जाते जाते घर को क्या कलर दे के गयी!”

मी अमेयकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने राखाडी निळा पडताना बघितला होता. आणि तो म्हणाला, “हां आंटी. मम्मी का ही था.” त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी त्याला सोडलं. हंसाबेनना सोडलं नाही.

“हंसाबेन, ये मैंने पसंद किया है. मेरे को अच्छा लगा इसलिए.”

मग जवळ आल्या, माझ्या दंडावर हात फिरवला, आणि तापातल्या मुलाशी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, “हां हां, बेन. आप ही का है.”

ते ‘हां हां’, ताई. चार महिन्यांचा अबोला मी कदाचित विसरेन. दुकानातलं वाक्यही म्हातारपणी विसरेन. पण हे ‘हां हां’ तू माझ्या नशिबी ठेवून गेलीस. आता मी मरेपर्यंत जो कुणी या घरात येईल तो लादी बघून तुझं नाव घेईल, आणि मी कितीही ओरडले तरी माझ्या दंडावरून हात फिरवेल. म्हणून हे लिहून सोसायटीच्या स्मरणिकेला देतेय. छापून येऊ दे. तीनशे दोन आणि तीनशे तीनची लादी धाकटीच्या पसंतीची आहे. थोरलीला दोन रंग हवे होते, आणि ते संध्याकाळी टिकले नाहीत.

अमेय उद्या नाशिकला जातोय. आज सकाळी तुझा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून आणला. सोफ्याच्या वर लावू का, म्हणाला. मी नाही म्हटलं. तुझ्या आणि माझ्या, दोन्ही खिडक्यांसमोर येईल अशी आतली भिंत त्याला दाखवली, बरोबर मधली. त्याने स्टूल घेतलं, खिळा ठोकला, फोटो अडकवला. तू सरळ समोर, खिडकीबाहेर बघत होतीस.

“असा नको,” मी म्हटलं. “मागे कागदाची घडी घाल. पुढे झुकव.”

“किती झुकवू, मावशी?”

“तिला जमीन दिसेल इतका.”